गिधाडांचा माळ आणि विमानाची काच

निफाड तालुक्यातल्या माणसाला विमानाचं फारसं कौतुक नसतं. द्राक्षाची छाटणी चालू असताना डोक्यावरून लढाऊ विमान गेलं तरी कात्री थांबत नाही. लहान पोरंसुद्धा वर बघत नाहीत. पाहुणा मात्र दचकून कान झाकतो, आणि मग आपण त्याला सांगायचं, "काही नाही हो, ओझरचं आहे."

ओझरचा कारखाना ही आमच्या भागातली मोठी घटना. चीनची लढाई झाली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, 1963 साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, आणि 1964 साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला अशी वाटणी होती. बाजरी, कुळीथ आणि थोडाफार ऊस पिकवणाऱ्या माळावर एकदम रशियन नावाची यंत्रं आली. गावागावातली आयटीआय झालेली पोरं सायकलवर डबा बांधून कामाला जाऊ लागली. आमचे थोरले मामा त्यातलेच.

आमचं गाव धावपट्टीपासून सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर. गावाच्या पूर्वेला ओढ्यापलीकडे एक खडकाळ माळ होता. त्याला कागदोपत्री गायरान म्हणत असले तरी गावाच्या तोंडी तो 'गिधाडांचा माळ'. मेलेलं जनावर तिथं टाकायचं, ही कित्येक पिढ्यांची रीत.

त्या रीतीला एक जुना इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. मेलेलं ढोर ओढून नेणं हे गावगाड्यानं महारांच्या माथी मारलेलं काम होतं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी ती कामं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आमच्याकडे ते एकदम घडलं नाही. पण 1956 च्या धर्मांतरानंतर गावातल्या बौद्ध मंडळींनी एकमतानं सांगितलं, आता तुमचं ढोर तुम्ही ओढा. काही जुन्या माणसांना ते झोंबलं, काही दिवस बोलाचाली झाल्या, पण शेवटी ज्याचं जनावर त्यानंच ओढायची पद्धत पडली. माणसांनी सोडलेलं उरलेलं काम गिधाडांनी घेतलं. कातड्याच्या ठेकेदाराची माणसं येऊन कातडं काढून न्यायची, बाकीचं गिधाडं साफ करायची. बैलाएवढं जनावर सकाळी टाकलं तर दिवस मावळेपर्यंत नुसता सांगाडा. मग हाडांचा ग्रामपंचायत लिलाव करायची. वास नाही, रोगराई नाही, आणि पंचायतीला वर चार पैसे.

पांढऱ्या पाठीची ती गिधाडं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. ओढ्याच्या काठच्या अर्जुनाच्या झाडांवर ती ओळीनं बसलेली असत. गिधाड सकाळी लवकर उडत नाही. त्याचं अंग जड, पाच किलोच्या आसपास, आणि पंख पसरले की सहा-साडेसहा फूट. एवढं वजन पंख मारून उचलणं त्याला परवडत नाही. ऊन तापून जमिनीवरची हवा वर चढू लागली की ते त्या हवेवर स्वार होतं आणि पंख न हलवता गोल गोल घिरट्या घेत वर जातं. साधारण दहा वाजल्यापासून दुपार कलेपर्यंत आभाळात त्यांची चक्रं चालू असायची. त्यात घारी वेगळ्या. आणि त्याच आभाळात कारखान्यातून नवीन झालेली, दुरुस्त झालेली विमानं चाचणीसाठी फिरायची.

मामांनी मला पहिल्यांदा त्यातला धोका समजावून सांगितला तो कांद्याच्या हिशोबात. गणिताची माझी तशी भीतीच होती, पण हे गणित डोक्यात बसलं ते कायमचं. विमान ताशी 720 किलोमीटर वेगानं चाललंय असं धरा. म्हणजे सेकंदाला 200 मीटर. समोर पाच किलोचं गिधाड आलं. पक्ष्याचा वेग सोडून द्या, तो विमानापुढे काहीच नाही. वस्तुमानाचं निम्मं घेऊन त्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं. उत्तर येतं एक लाख ज्यूल. आता आपल्या भाषेत सांगायचं तर दहा क्विंटल कांदा एकाच वेळी तेहतीस फूट खोल कोरड्या विहिरीत टाकला तर तळाला जेवढा दणका बसेल, तेवढा. तो दणका विमानाच्या काचेवर परातीएवढ्या जागेत, डोळ्याचं पातं लवायच्या आत बसतो. पाऊण किलोची घार घेतली तरी दीड क्विंटलचं पोतं त्याच विहिरीत पडल्यासारखं होतं.

"आणि वेग दुप्पट झाला तर?" मी विचारलं.

"मार चौपट. म्हणून सायकलवाल्याला चिलट आडवं आलं तर डोळा चोळतो, आणि मिगवाल्याला घार आडवी आली तर जीव जातो."

वैमानिकाला पक्षी दिसून तो टाळता येत नाही का, हा प्रश्न सगळेच विचारतात. तीनशे मीटरवरचा पक्षी काचेवर यायला या वेगानं दीड सेकंद लागतो. तेवढ्यात तो दिसायचा, ओळखायचा, हात हलायचा आणि विमान वळायचं. नाही जमत. म्हणून वैमानिकाला शिरस्त्राणावरची पारदर्शक झडप खाली ओढून उडायला शिकवतात. काच फुटली तरी निदान डोळे वाचावेत.

लढाऊ विमानाच्या काचेचे दोन भाग असतात. समोरची ती विंडशील्ड, आणि डोक्यावर घुमटासारखी असते ती कॅनॉपी. समोरची काच मिगमध्ये जाड आणि थराथरांची असायची, गोळी अडवायची म्हणून. डोक्यावरचा घुमट मात्र ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा. ॲक्रिलिक हलकं, आरपार स्वच्छ दिसतं, हवा तसा आकार देता येतो. पण जोराचा मार बसला की त्याच्या ठिकऱ्या उडतात. पुढे ते ताणून तयार करू लागले. ताणलेल्या ॲक्रिलिकमध्ये चीर गेली तरी ती सहजासहजी पुढे पळत नाही. त्याच्यानंतर आलं पॉलिकार्बोनेट. ते मार खाऊन वाकतं, पिचतं, पण फुटत नाही. त्याचा दोष असा की ओरखडे लवकर पडतात आणि रसायनं सोसत नाहीत. म्हणून बाहेर ॲक्रिलिक किंवा काच, आत पॉलिकार्बोनेट, मध्ये चिकट लवचिक थर, अशी पुरणपोळी करायची पद्धत निघाली. मामांचाच शब्द तो.

मामा सांगायचे, कॅनॉपी म्हणजे तान्हं पोर. तिला कोरड्या फडक्यानं पुसायचं नाही, धुळीचा एक कण फरफटला तरी ओरखडा. पेट्रोल किंवा थिनर लावायचं नाही, त्यानं केसासारख्या बारीक चिरा पडतात. आज दिसत नाहीत, पण त्या चिरेवरच उद्या पक्षी आदळला तर तिथूनच ती फाटणार. घरी आले की आमच्या कंदिलाची काच मामा ज्या हळुवारपणे पुसायचे, ते बघून आजी म्हणायची, "माझ्या लेकाला सरकारनं चांगलं वळण लावलं."

मग काच अजून जाड का करत नाहीत? एक तर वजन वाढतं. दुसरं, जाड वाकड्या काचेतून समोरचं वेडंवाकडं दिसतं, आणि लढाऊ वैमानिकाला दिसणं हेच तर सगळं. तिसरं कारण सगळ्यात अवघड. संकटात वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकलं जावं लागतं. म्हणजे तोच घुमट क्षणात उडून गेला पाहिजे किंवा फुटला पाहिजे. हॉक या शिकाऊ विमानाच्या कॅनॉपीत तर स्फोटक दोरी नागमोडी चिकटवलेली दिसते, ती वेळ आली की घुमटाचे तुकडे करते. बाहेरून पक्ष्याला फुटायचं नाही आणि आतून माणसाला अडवायचं नाही, असं दुहेरी काम त्या काचेकडे आहे. गावातल्या सरपंचाच्या नशिबी असतं तसलंच.

हे संकट विमानाएवढंच जुनं. ऑर्व्हिल राइटच्या विमानानं 1905 सालीच, ओहायोतल्या मक्याच्या शेतावरून उडताना, एक पक्षी मारल्याची नोंद आहे. 1912 साली कॅलिफोर्नियात कॅल रॉजर्स या वैमानिकाच्या विमानाच्या दोरखंडात सीगल अडकला आणि तो मेला. पक्ष्यामुळे विमान पडून गेलेला तो पहिला माणूस मानतात. तेव्हा वेग कमी होते. जेट आलं आणि पक्षी म्हणजे तोफगोळा झाला.

ओझरला पाया खणला जात होता त्याच 1964 सालची गोष्ट. ऑक्टोबरच्या 31 तारखेला अमेरिकेत ह्यूस्टनजवळ थिओडोर फ्रीमन हा अंतराळवीर टी-38 जातीचं शिकाऊ जेट उतरवायला येत होता. बर्फाळ मुलखातून आलेला एक हंस त्याच्या कॅनॉपीवर आदळला. ॲक्रिलिकच्या ठिकऱ्या इंजिनांत गेल्या, इंजिनं बंद पडली. त्यानं आसनासकट उडी घेतली, पण तोवर विमान फार खाली आलं होतं. चंद्रावर जायची तयारी करणारा माणूस एका हंसानं नेला. पुढे जमिनीलगत वेगानं जाणाऱ्या एफ-111 विमानांना पक्ष्यांनी काच फोडल्यामुळे अपघात झाले, तेव्हा अमेरिकन हवाई दलाला त्यांच्या काचा नव्यानं बनवाव्या लागल्या. 1987 साली तर कोलोरॅडोत एका पाणपक्ष्याच्या धडकेनं बी-1 हे अवाढव्य बॉम्बफेकी विमान पडलं आणि तीन माणसं गेली.

काचेची परीक्षा घ्यायची रीत ऐकली की गावात हशा पिकायचा. हवेच्या दाबावर चालणारी लांब नळीची तोफ, आणि तिच्यातून मेलेली कोंबडी हव्या त्या वेगानं काचेवर मारायची! अमेरिकेत हे 1940 च्या दशकातच सुरू झालं. आपल्याकडे चंडीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेत तशी सोय आहे. मोठ्या प्रवासी विमानाच्या समोरच्या काचेनं चार पौंडांचा, म्हणजे पावणेदोन किलोच्या थोडा वरचा, पक्षी सोसला पाहिजे असा दंडक आहे. हे मी पारावर सांगितलं तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, "चार पौंडांचा? आन् आपलं गिधाड?" प्रश्न बरोबर होता. आमच्या माळावरचा पक्षी त्या दंडकाच्या पावणेतीनपट जड होता. परदेशातल्या नियमात आमचं आभाळ मावत नव्हतं.

मिगला आणखी एक अडचण. त्याचं इंजिन एकच, आणि हवा ओढायचं तोंड नाकाशी. काच चुकवून पक्षी त्या तोंडात गेला तरी संपलं.

म्हणून काचेपेक्षा आभाळ राखणं स्वस्त, हा विचार पुढे आला. राखण आमच्या ओळखीची. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण मारायची, पत्र्याचे डबे वाजवायचे, हाकारे द्यायचे. हे प्रत्येकानं केलेलं. विमानतळांवर तीच राखण फटाके आणि बंदुका घेऊन करतात. पण राखणदाराला हेही ठाऊक असतं की दाणा आहे तोवर पाखरू येणार. 1980 च्या दशकात डॉ. सलीम अली यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं देशातल्या विमानतळांवर पक्षी का जमतात याचा अभ्यास केला. त्यांचाही रोख तोच: धावपट्टीवरचं गवत, त्यातले किडे, पावसाचं साचलेलं पाणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आसपासच्या गावांतली उघडी घाण, कत्तलखाने आणि टाकलेली ढोरं. गिधाड आणि घार हे सर्वांत धोक्याचे. कायदाही आहे. विमान नियमांतला 91 वा नियम सांगतो की विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावर कापू-सोलू नये, घाण टाकू नये.

आमचा माळ या दहा किलोमीटरच्या आत. 1980 नंतरच्या कुठल्याशा पावसाळ्याआधी दवंडी झाली आणि मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी समजावून सांगितलं, की आता जनावर उघड्यावर टाकायचं नाही, पुरायचं. बोलणं गोड होतं. पण आमच्या पूर्वेकडच्या जमिनीत हातभर माती आणि खाली कातळ. बैल पुरायला सहा फूट खड्डा पाहिजे. तेव्हा जेसीबी नव्हते. पहार, टिकाव आणि चार माणसांची दोन दिवसांची मजुरी. एक विधवा बाई, आम्ही तिला आक्का म्हणायचो, पदर सावरून उभी राहिली.

"साहेब, माझा बैल मेला तर माझी निम्मी शेती मेली. वरून त्याच्या खड्ड्याला मी पैसं कुठून आणू?"

साहेबांकडे उत्तर नव्हतं. सभेत कुजबुज सुरू झाली, की विमान सरकारचं, तर खड्डाही सरकारनं खणावा. तेव्हा मामा उठले. ते गावचे जावई नव्हेत, पाहुणे. पण कारखान्यातले म्हणून त्यांना मान होता. ते एवढंच म्हणाले, "आक्का, त्या विमानात बसणारा पोरगा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असतो. त्याची आई पण कुठंतरी शेतावरच असंल. मी काच पुसतो, मला ठाऊक आहे ती केवढी जाड आहे ते."

त्यावर कोणी बोललं नाही. सरपंचांनी तोड काढली. पंचायतीनं हाडांच्या लिलावाचे साठलेले पैसे खड्ड्यांसाठी लावायचे, आणि तरुण मंडळानं श्रमदान करायचं. ज्या माळानं पंचायतीला पैसा दिला तोच पैसा माळ बंद करायला गेला. पुढच्या वर्षी आक्काचा बैल खरंच मेला. आम्ही अकरा जणांनी तो नाल्याकाठच्या मुरमात पुरला. सगळं गाव शहाणं झालं असं नाही. रात्री गुपचूप ओढून टाकणारे होतेच. पण माळावरची गर्दी कमी झाली.

आणि मग गिधाडंच गेली. आधी वाटलं, आम्ही ढोरं पुरायला लागलो म्हणून दुसरीकडे गेली असतील. पण सिन्नरचे पाहुणे तेच म्हणत होते, येवल्याचेही तेच. 1990 च्या दशकात सगळ्या हिंदुस्थानातून ती नाहीशी होत होती. कारण कळायला 2004 साल उजाडलं. गुरांच्या सुजेवर, तापावर गावोगावी जे डायक्लोफेनॅक टोचलं जाई, ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादंच उरलं होतं.

सभेत हात जोडून जे मागितलं होतं ते असं भलत्याच वाटेनं मिळालं. वैमानिकाच्या काचेसमोरून सर्वांत जड पक्षी गेला. पण आभाळ मोकळं झालं नाही. उघड्यावरची घाण तशीच राहिली, ती खायला भटकी कुत्री वाढली, घारी राहिल्या, पारवे वाढले, धावपट्टीच्या गवतात टिटव्या राहिल्या. 2019 च्या जूनमध्ये अंबाल्याला जग्वार विमानाला पक्षी धडकले. वैमानिकानं इंधनाच्या टाक्या आणि सरावाचे छोटे बॉम्ब खाली सोडून विमान सुखरूप उतरवलं, ते चित्रण सगळ्या देशानं पाहिलं. तिथं गिधाड नव्हतं. थवा लहान पक्ष्यांचा असला तरी तो पुरतो.

मिग-21 हे 2025 च्या सप्टेंबरात हवाई दलातून निवृत्त झालं. मामा ते पाहायला राहिले नाहीत. ओझरला त्याआधीच सुखोई आली होती, आता तेजस बनतं.

आमच्याच जिल्ह्यात हरसूलकडे, खोरीपाड्याला, वनखात्यानं गिधाडांसाठी एक जागा राखली आहे. तिथं मेलेली जनावरं मुद्दाम नेऊन टाकतात, की उरलीसुरली गिधाडं जगावीत. मी एकदा मुलाला घेऊन गेलो होतो. आमच्या गावात जे करायला बंदी, तेच इथं सरकार करतंय, हे त्याला गमतीचं वाटलं. मला त्यात विसंगती दिसली नाही. दोन्ही ठिकाणी एकाच गोष्टीचा हिशोब आहे: मेलेलं जनावर कुठं टाकायचं. धावपट्टीजवळ टाकलं तर कोणाचा तरी पोरगा जाईल, डोंगरात टाकलं तर एक पक्षी वाचेल. आमच्या आजोबा-पणजोबांना हा हिशोब करायची गरज पडली नाही, कारण त्यांच्या आभाळात गिधाडाशिवाय दुसरं कोणी नव्हतं. आमच्या पिढीला पडली, आणि ओढ्याकाठच्या कातळात खड्डे खणून, हाताला फोड आणून, आम्ही तो आमच्या परीनं केला. पुढच्यांना मात्र तो जास्त नेमका करावा लागेल. आता चुकायला गिधाडंही फारशी उरलेली नाहीत.